मापातलं शेवटचं तेल

आमच्या बोळात तेल आणायला जायचं असेल तर घरी सविस्तर सांगून जावं लागतं. नुसतं "तेल आणते" म्हणून भागत नाही. "कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की बंद करा, भाजी झाकून ठेवलीय, जेवून घ्या, माझी वाट बघू नका" हे सगळं सांगायचं आणि मगच पायात चपला घालायच्या. दुकान आमच्या दारातून दिसतं. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. पण दुकानात भानुदासशेठ बसलेले असतात.

भानुदासशेठ नगरमध्ये सुटं तेल विकतात. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, तीळ, खोबरेल आणि मागच्या फळीवर धूळ खात बसलेलं एरंडेल. आता सुटं तेल विकण्यात वेळ लागण्यासारखं काय आहे? माप भरायचं, गिऱ्हाइकाच्या कॅनवर नरसाळं ठेवायचं, माप उपडं करायचं, पैसे घ्यायचे आणि पुढच्याला हाक मारायची. शेठ उपडं करण्यापर्यंत सगळं जगासारखंच करतात. नंतर मात्र ते माप तसंच धरून ठेवतात. धार बारीक होते, धारेचा दोरा होतो, दोरा तुटून थेंब पडू लागतात. एक थेंब, मग जरा वेळाने दुसरा. आपण आशेने कॅनकडे हात नेतो. शेठ डावा हात वर करून म्हणतात, "थांबा. अजून येतंय."

आपण थांबतो. मापाच्या काठावर एक थेंब फुगायला लागतो. तो पडेल असं वाटतं, पण पडत नाही, विचार करतो. मागे रांगेतला माणूस खोकतो. कोणीतरी "शेठ, म्हातारे झालो हितं" म्हणतं. शेठ थेंबावरची नजर काढत नाहीत. शेवटी थेंब पडतो. आपण म्हणतो, "झालं?" शेठ म्हणतात, "थांबा."

साऱ्या बाजारात त्यांना भानुदासशेठ म्हणून कोणी ओळखत नाही. थांबाशेठ म्हणतात. रिक्षावाल्याला "थांबाशेठच्या बोळात" सांगितलं की तो मीटर न बघता आणून सोडतो.

एकदा मी चिडून विचारलं, "शेठ, मापाला चिकटलेलं एवढंसं तेल मी सोडलं तर चालेल ना? माझं तेल, माझी मर्जी."

"तुमी सोडाल वो," शेठ म्हणाले, "पन ते माझ्या मापात राहील त्याचं काय? मागच्या गिऱ्हाइकाचं तेल पुढच्याच्या कॅनमंदी गेल्यालं मला चालत न्हाई."

मी थांबले.

आता माझा धंदाही सांगायला हवा, म्हणजे या थांबण्याची किंमत कळेल. मी कोर्टात लघुलेखक आहे. माझं पोट वेगावर चालतं. साक्षीदार "मी त्या दिवशी" एवढं म्हणाला की माझी बोटं "शेतात होतो" लिहून मोकळी होतात. बहुतेक वेळा तो शेतातच असतो. क्वचित एखादा सासुरवाडीला निघतो, मग खोडावं लागतं. पण एकंदरीत लोकांची वाक्यं त्यांच्या आधी मला माहीत असतात, आणि ती ते सावकाश बोलायला लागले की माझ्या अंगाची लाही लाही होते. अशा बाईच्या नशिबी देवाने समोरच्या दारात थांबाशेठ दिले.

शेठना पातळ वस्तूंचं वेड आहे. 'द्रव' हा शब्द ते वापरत नाहीत, त्यांच्या तोंडी 'पातळ वस्तू'. "घट्ट वस्तू ठिवाल तिथं बसती," ते सांगतात. "पातळ वस्तूचं तसं न्हाई. ती आधी भांडं बघती, उतार बघती, हवा बघती, मंग ठरवती, बसायचं का पळायचं." दुकानातल्या प्रत्येक डब्याचा स्वभाव त्यांना पाठ आहे. करडई सरळ आहे. शेंगदाणा जरा आळशी. सोयाबीनला घाई फार. तिळाचं तेल अबोल. आणि एरंडेलाबद्दल बोलताना त्यांचा आवाजच बदलतो, घरच्या माणसाबद्दल बोलावं तसा.

थंडीत नगरला खोबरेल गोठतं. सगळीकडेच गोठतं, पण शेठच्या दुकानात ते झोपतं. डिसेंबरातल्या एका सकाळी मी बाटली घेऊन गेले तर शेठ हळू आवाजात म्हणाले, "झोपलंय. उन्हात ठिवलंय. उठंल दहापर्यंत."

"मला साडेदहाला कोर्टात जायचंय. गॅसवर धरा ना जरा."

शेठनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी एखाद्या तान्ह्या पोराबद्दल बोलले होते. "झोपल्याल्या मानसाला तुमी चटका देऊन उठवता का?"

माझे यजमान मागेच उभे होते. त्या दिवसापासून त्यांची शेठवर फार श्रद्धा आहे.

माणसांचंही शेठनी असंच वर्गीकरण करून ठेवलंय. आमच्या वॉर्डातला पुढारी म्हणजे पाणी, ज्या भांड्यात ओताल त्या भांड्याचा. त्यांचा स्वतःचा मुलगा महेश म्हणजे पेट्रोल. "लांब नेतंय, पन जवळ काडी ओढायची न्हाई." मी कोण, असं एकदा विचारून बसले. विचारायला नको होतं. शेठनी क्षणभरही वेळ घेतला नाही, आणि हा माणूस वेळ न घेता बोलला हेच मला जास्त लागलं. "तुमी म्हंजे रॉकेल. भडकता लवकर. पन मनात काय न्हाई, उडून जातं." मग माझा चेहरा बघून पुढे जोडलं, "वास राहतो थोडा."

"आणि तुम्ही?"

"मी एरंडेल," शेठ म्हणाले. "कुनाला आवडत न्हाई, पन घरात असावं."

शेठचं हे शास्त्र नेहमी बरोबर येतं असं मात्र नाही. एका उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात आलं की तेल मापाला चिकटतं ते थंड असल्यामुळे. तेव्हा मापच तापवलं तर चिकटणार नाही, रांग लवकर हलेल आणि लोकांची कटकटही थांबेल. कल्पना चांगली होती. त्यांनी सगळी मापं आणि शेंगदाण्याचा एक डबा सकाळपासून पत्र्यावर उन्हात ठेवला. नगरचं मे महिन्यातलं ऊन आणि त्यात पत्रा. दुपारी पहिलं गिऱ्हाईक मी. शेठनी माप उपडं केलं आणि ते तेल, एरवी नव्या नवरीसारखं बिचकत उतरणारं, असं काही सुटलं की नरसाळं भरून वाहिलं, कॅनच्या गळ्यावरून खाली आलं आणि माझ्या नव्या चपलांवर पसरलं. शेठ सवयीने डावा हात वर करून "थांबा" म्हणाले. ते तेलाला म्हणाले की मला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. कोणीच थांबलं नाही. मी त्या चपलांवरून घसरत दारापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः चपला मागायला आले, राखेने घासून, पुसून, वाळवून परत दिल्या आणि म्हणाले, "माझीच चूक. तेलाला घाई सोसत न्हाई."

बोळातल्या आम्ही सगळ्यांनी मिळून एकदा भंडारदऱ्याची सहल काढली होती. बस अकोले ओलांडून डोंगरात शिरली तसे सगळे खिडक्यांना चिकटले. धबधबे, धुकं, ओली हिरवी भातखाचरं. सगळ्यांनी मोबाईलवर फोटो काढून घेतले, भजी खाल्ली, निघायची वेळ झाली, तर शेठ कुठे दिसेनात. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. शेवटी मी आणि महेश शोधायला गेलो. एका घराच्या मागे परसात अळूच्या पानांसमोर शेठ उकिडवे बसले होते. हातातल्या तांब्यातून पानावर पाणी सोडायचं, त्याचा गोल मणी व्हायचा, पान हलवलं की मणी इकडून तिकडे पळायचा, आणि पान कोरडं ते कोरडंच. घरची म्हातारी बाजूला उभी राहून हा माणूस आपला अळू तोडतोय की काय म्हणून पहारा देत होती.

"अण्णा, धबधबा बघितला का?" महेश वैतागला होता.

"त्यात काय बघायचं, पडतंय ते," शेठ म्हणाले. "हे बघ. पानी हाय, पान हाय, चिटकून बसल्यात, पन एकमेकाला लागत न्हाईत. असं कसं काय..."

"जमतं म्हनायचंय यांना!" मागून आवाज आला. "आन् त्यांना म्हनावं उठा, बस चाललीय, तुमच्या पान्याला काय धाड भरली न्हाई!"

हा आवाज शकूकाकूंचा. त्यांची ओळख इतकी उशिरा करून देतेय ही खरं तर माझी कमाल आहे, कारण त्यांनी स्वतः कोणाला इतका वेळ दिला नसता. शकूकाकू म्हणजे शेठच्या पत्नी. शेठच्या वर्गीकरणात, "उकळतं दूध. जरा नजर हलली की भांड्याभाईर."

शेठचं घर दुकानाच्या मागेच आहे. मध्ये एक पडदा. शेठ पडद्याच्या पुढे, काकू पडद्याच्या मागे, आणि काकू ऐकत असल्या की शेठनी सुरू केलेलं प्रत्येक वाक्य पडद्यामागून संपायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ, करडई कशी?" शेठ सुरुवात करायचे, "करडई आता जरा..." पडद्यामागून यायचं, "महाग झालीया वो, सोयाबीन न्या, भजी चांगली व्हत्यात!" शेठ म्हणायचे, "मी काय म्हनतो, आज जेवायला..." "पिठलं हाय, आन् नाक मुरडायचं न्हाई!" लोक तेल घ्यायला जात ते अर्धे यासाठीच. शेठ एक अर्धं वाक्य टाकायचे आणि सगळी रांग पडद्याकडे बघायची.

लग्न झाल्यापासून थांबाशेठनी काकूंच्या देखत एकही वाक्य पूर्ण केलेलं नाही, असं बोळात म्हणतात. खरं म्हणजे ते लग्नाआधीपासूनचं आहे. हा किस्सा काकूंच्याच तोंडून ऐकावा. बघायचा कार्यक्रम होता. काकूंच्या माहेरी, पारनेरकडच्या एका गावात, पोहे-चहा झाला. वडीलधाऱ्यांनी शेठना विचारलं, "काय मग, सांगा." शेठनी कप खाली ठेवला, मिशीवरचा चहा पुसला आणि सुरुवात केली, "मला मुलगी..."

आणि थांबले. सगळं घर थांबलं. कोणीतरी पंखा बंद केला. अशी किती वेळ शांतता होती काय जाणे, पण दाराआड बसलेल्या शकूला ती सोसेना.

"पसंत हाय म्हनत्यात!" ती आतून ओरडली.

सगळे हसले, नारळ फुटला, कार्यक्रम पक्का झाला. पण काकूंच्या मनातून एक गोष्ट कधी गेली नाही. "त्या दिशी तुमी खरं काय म्हननार हुता वो?" त्या मधूनमधून विचारायच्या. शेठ माप पुसत म्हणायचे, "तू बोलू कुठं दिलंस?"

मागच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, काकूंना लकव्याचा झटका आला.

सकाळी रांगेत मीही होते. शेठ कोणाला तरी म्हणाले, "आज तेलाचा टेम्पो जरा..." आणि पडद्यामागून काहीच आलं नाही. शेठनी मान वळवली. आम्ही सगळ्यांनीच वळवली. मग शेठ माप तसंच टाकून आत पळाले. मी त्यांना पळताना पहिल्यांदाच पाहिलं. माप आडवं झालं, तेल गादीवर सांडलं, आणि कोणी कोणाला "थांबा" म्हटलं नाही.

काकू वाचल्या. उजवा हात जरा जड झाला, पाय ओढून चालायला लागल्या, पण वाचल्या. बोलणं मात्र गेलं. दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी घरच्यांना बसवून समजावलं की शब्द यांच्याजवळ आहेत, सगळे आहेत, फक्त बाहेर यायला फार वेळ लागतोय. यांना मधे शब्द देऊ नका. वाट बघा.

हे ऐकून महेश रडला, काकूंची बहीण रडली, मीही डोळे पुसले. शेठचा चेहरा मात्र त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

"म्हंजे आत हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे ना."

"मंग हात्तिच्या," शेठ म्हणाले. "आत असंल तर येतंय."

काकू घरी आल्या. शेठनी पडदा काढून टाकला आणि काकूंची खुर्ची अशी लावली की त्यांना दुकान दिसावं आणि दुकानाला त्या दिसाव्यात. बोळातल्या आम्ही बायका रोज जाऊन बसू लागलो, मायेने. आणि मायेनेच आम्ही फार घोळ घातला. काकूंनी "च" म्हटलं की चारी बाजूंनी सुरू. "चहा?" "चादर हवीय का?" "चष्मा असेल, बघा गं चष्मा कुठाय." यात मी सगळ्यांत पुढे. माझा धंदाच तो. काकू डोळे मिटून घ्यायच्या आणि पुढचा अर्धा दिवस एक अक्षर बोलायच्या नाहीत. एके दिवशी शेठ गल्ल्यावरून उठून आले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

"तुमाला एक सांगू का," ते म्हणाले. "हिला काय म्हनायचं हाय ते मला तुमच्या आधी कळतं. पन ते तिचं हाय. तिच्या तोंडातनं आलं पायजे."

वाक्य पूर्ण होतं. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं होतं. एरवी मी या बोलण्यावर चिडले असते, पण हे वाक्य संपलं याचंच मला इतकं आश्चर्य वाटलं की चिडायचं राहून गेलं. नंतर बघितलं तर दुकानातही तेच. "करडई आता महाग झालीया, सोयाबीन न्या," शेठ स्वतःच म्हणत होते, भाव सांगत होते, टेम्पोवाल्याला झापत होते, आणि रांगेतले लोक कोणी गेल्यासारखे गप्प उभे होते. आत काकूंपाशी बसले की मात्र रोज "आज जेवायला..." असं काहीतरी म्हणून मधेच थांबायचे.

महेश दर शनिवारी पुण्याहून येत होता. पोरगा मनाने फार चांगला, पण पेट्रोल. त्याने सगळं ठरवून टाकलं. आई-अण्णांना पुण्याला न्यायचं, तिथे मोठे डॉक्टर, लिफ्टची इमारत, रोज व्यायामाला घरी माणूस येणार. दुकान मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला भाड्याने द्यायचं. तो माणूस रविवारी संध्याकाळी उत्तर घ्यायला येणार होता.

शेठनी त्याला नाही म्हटलं नाही. मला ते फार लागलं. हा माणूस दुकान सोडून पुण्याच्या पाचव्या मजल्यावर काय करणार? बेसिनच्या नळासमोर बसून राहील. मी म्हटलं, "शेठ, तुम्ही सांगत का नाही महेशला?" तर म्हणाले, "तिकडं डॉक्टर चांगले हायत. ती बोलती झाली तर दुकान काय करायचंय? तिला इचारा. ती म्हनंल तसं." आणि मग ते बराच वेळ एक कोरडं माप फडक्याने पुसत राहिले.

रविवारी दुपारी महेशने आईसमोर खुर्ची ओढली. मी तिथेच लसूण सोलत बसले होते. शेठ दारात उभे होते.

"आई, पुण्याला यायचं ना आपण? तिकडे तुला लवकर बरं वाटेल. येणार ना?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. ओठ हलले. "पु..."

"पुण्याला. हो."

"पु... ण्याला..."

"झालं तर मग!" महेशचा चेहरा उजळला. त्याने लगेच फोन उचलला. "मी त्यांना सांगून टाकतो. अण्णा, ऐकलंत ना? पुण्याला म्हणाली."

शेठनी डावा हात वर केला.

"थांब," ते म्हणाले. "अजून येतंय."

महेशचं बोट फोनवर तसंच राहिलं. मी हातातली पाकळी खाली ठेवली. काकूंची मान थोडी पुढे आली होती, कपाळावर घाम होता. माझ्या डोक्यात दहा शब्द तयार होते, दहाही जिभेवर येऊन उभे होते, मी दात दाबून धरले. बाहेर कोणीतरी "शेठ, ओ शेठ" म्हणून हाक मारत होतं, त्याच्याकडे शेठनी बघितलंही नाही. ते काकूंच्या ओठांकडे बघत होते, बाजारात त्यांना मापाच्या काठाकडे बघताना सगळ्यांनी पाहिलंय तसेच, जराही घाई नसलेले.

"...तू... जा," काकू म्हणाल्या.

महेशने तोंड उघडलं. शेठचा हात खाली आला नव्हता.

काकूंनी डावा हात उचलून दुकानाकडे केला. डबे, मापं, नरसाळं, रिकामी गादी. "मला... हितनं... दिसतं."

आधी हसला तो महेशच. "पुण्याला तू जा," तो म्हणाला, "अगं आई, मी जातोच की दर रविवारी!" मग हसता हसता त्याने चष्मा काढला आणि बाहीने डोळे पुसले. पुण्याच्या डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा न्यायचं, व्यायाम शिकवणारा माणूस इथेच शोधायचा, असं त्याने दहा मिनिटांत नव्याने सगळं ठरवूनही टाकलं. पेट्रोलच ते.

संध्याकाळी कव्हरवाला आला. त्याला नाही म्हणून सांगितलं तेव्हा तो अवघडला, आणि रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही म्हणून त्याने एक लिटर शेंगदाणा मागितला. गाडी चालू ठेवून आला होता बिचारा. शेवटी जाऊन बंद करून आला.

काकूंचं बोलणं आता सुधारतंय, हळूहळू. मधल्या एका संध्याकाळी मी किटली घेऊन तेलाला गेले. दुकानात कोणी नव्हतं. आत दिवा लावलेला होता. शेठ काकूंच्या समोर स्टुलावर बसले होते, दोघांच्या हातात चहाचे कप. मी हाक मारणार होते, तेवढ्यात शेठनी कप खाली ठेवला, मिशी पुसली आणि म्हणाले,

"मला मुलगी..."

आणि थांबले.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. दुकानात पूर्ण वाक्यं बोलणारा हा माणूस घरात येऊन आपली वाक्यं अर्धी का सोडतो, हे मला तेव्हा कळलं. तो रोज तिच्यासाठी एक वाक्य अर्धं ठेवत होता. चाळीस वर्षं तिने जे काम केलं ते तिला परत करायला बसला होता.

"प..." काकू म्हणाल्या. "पसं...त... हाय."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी पाऊल पुढे टाकलं. शेठना माझी चाहूल लागली असावी. त्यांनी माझ्याकडे न बघता डावा हात वर केला.

"थांबा. अजून येतंय."

मला वाटलं, आता काय यायचं राहिलंय? वाक्य तर संपलं. इतकी वर्षं ते इथेच संपत आलंय. पण काकूंचे ओठ अजून हलत होते. डोळ्यांत ती जुनी पडद्यामागची चमक होती, आणि तोंडाची एक बाजू हसत होती.

"...का?" काकू म्हणाल्या. मग पुष्कळ वेळाने, "अजून?"

शेठ स्टुलावर नीट बसले. या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. काकू वाट बघत होत्या. पहिल्यांदाच त्या वाट बघत होत्या, आणि मधे एक शब्द बोलल्या नाहीत.

"हाय," शेठ म्हणाले.

मी किटली तशीच रिकामी घेऊन पायरीवर बसले. तेल नंतर घेता आलं असतं.